आयुष्यरेषांचा तक्ता पायथनमध्ये: कान्होजी गायब, टिळकांचे झाले ‘टळिक’. मदत हवी

वाचनालयवाली

नमस्कार मंडळी.

दापोली तालुक्यातल्या एका गावात मी वाचनालय चालवते. ग्रंथपाल मीच, झाडू मारणारी मीच आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणारीही मीच. गणपतीत चाकरमानी गावात असतात, तेव्हा वाचनालयाच्या पडवीत ‘कोकणची माणसं’ असं काहीतरी लावायचं समितीने ठरवलं आहे. एरवी काय होतं, फोटो लावतात, हार घालतात, खाली जन्म-मृत्यूची सालं लिहितात. लोक हात जोडतात नि पुढे आरतीला जातात. यंदा मी हट्ट धरला की फोटो नकोत, रेघा हव्यात. डावीकडून उजवीकडे सालं आणि प्रत्येक माणसाची एक आडवी पट्टी, जन्माला सुरू होऊन मृत्यूला थांबणारी. मग नुसत्या नजरेने कळेल की बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली गेले तेव्हा टिळक जन्मायचे होते, आणि पालगडला साने गुरुजी जन्मले (२४ डिसेंबर १८९९) त्याच वर्षी याच तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे केंब्रिजला पहिले आले होते.

कल्पना माझी नाही. शाळेत ज्याचं नाव प्राणवायूच्या धड्यात येतं त्या जोसेफ प्रीस्टलीने १७६५ साली सुमारे दोन हजार माणसांची आयुष्यं अशीच रेघांनी एका तक्त्यावर मांडली होती. आमची यादी चाळिशीच्या आत आहे, तेव्हा मला का जमू नये?

भाचीने कोलॅब (ब्राउझरमध्येच पायथन चालवायची गूगलची सोय) कसं उघडायचं ते दाखवलं. पांडाजने फाइल वाचणं आणि मॅटप्लॉटलिबने पट्ट्या काढणं, इतपत पायथन येतं. पट्ट्या आल्यासुद्धा. पण आता असं आहे:

कान्होजी आंग्रे येतच नाहीत. यादीत जन्म सुमारे १६६९, मृत्यू ४ जुलै १७२९ असं स्वच्छ लिहिलंय. आधी ‘आउट ऑफ बाउंड्स’ म्हणून लाल मजकूर आला. नेटवर कोणी सांगितलं होतं म्हणून ‘एरर्स’ला ‘कोअर्स’ दिलं. लाल मजकूर गेला आणि त्याबरोबर सरखेलही गेले. कोकणच्या माणसांच्या तक्त्यात कान्होजी नाहीत, तर अलिबागकडचे लोक माझा तक्ता समुद्रात बुडवतील.

दुसरं म्हणजे तारखा. यादी समितीतल्या एकाने एक्सेलमध्ये केली आहे. त्यात अर्ध्या तारखा रकान्याच्या डावीकडे चिकटल्यात, अर्ध्या उजवीकडे. साने गुरुजींचा जन्म डावीकडे, मृत्यू (११ जून १९५०) उजवीकडे. शिवाय काहींनी सालं देवनागरी आकड्यांत भरलीत, काहींनी इंग्रजीत.

तिसरं, नावं. आधी सगळीकडे रिकामे चौकोन येत होते. फॉन्ट बदलल्यावर अक्षरं आली, पण ‘टिळक’ हे ‘टळिक’ असं दिसतं आणि ‘विनोबा’ हे ‘वनिोबा’. ‘कर्वे’मधला रफार वर चढतच नाही, बिचारा पाय मोडून र आणि व शेजारी शेजारी उभे. गंमत म्हणजे ‘केशवसुत’ अगदी बरोबर येतं! हे का, ते कळलं तर बरं.

चौथी गोष्ट संगणकाची नाही, पण विचारते. केशवसुतांची जन्मतारीख कुठे १५ मार्च १८६६ मिळते, कुठे ७ ऑक्टोबर १८६६. जांभेकरांचं जन्मसाल कुठे १८१०, कुठे १८१२. पट्टी कुठून सुरू करू?

आणि आमच्या अध्यक्षांना तक्त्याच्या कोपऱ्यात ‘कोकणच्या थोरांचं सरासरी आयुष्य’ मोठ्या अक्षरांत हवंय. महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले, म्हणजे आपल्या हवापाण्यात काहीतरी आहे, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाहीये.

पावसाने लाईटचा लपंडाव चाललाय, उत्तर द्यायला उशीर झाला तर रागावू नका.

खाजणातला खेकडा

ताई, धागा वाचून मजा आली. मी रत्नागिरीत घरून काम करतो, पोटापाण्यासाठी हेच करतो. एकेक घेऊ.

कान्होजींचा दोष नाही. पांडाज तारीख साठवतं ती १९७० पासून किती नॅनोसेकंद झाले त्या आकड्यात, आणि त्या आकड्याला जागा ठरलेली आहे. ती जागा मागे सप्टेंबर १६७७ पर्यंत पुरते आणि पुढे २२६२ पर्यंत. कान्होजी आठ वर्षांनी हुकले. शिवाजी महाराज घालाल (१६३०) तर तेही गायब होतील. नव्या आवृत्त्यांमध्ये नॅनोसेकंदांऐवजी सेकंद धरायची सोय आहे, पण तुम्हाला तिच्या वाटेलाच जायची गरज नाही. ज्या माणसाचं जन्मसालच ‘सुमारे’ आहे, त्याचा नॅनोसेकंद घेऊन करायचंय काय? तारखा तोडा. जन्म_वर्ष, जन्म_महिना, जन्म_दिवस असे तीन रकाने करा, मृत्यूचेही तीन. साधे पूर्णांक. महिना-दिवस माहीत नसेल तिथे रिकामं सोडा. पट्टी काढायला वर्ष पुरतं.

आणि ‘कोअर्स’ हा शब्द शक्यतो टाळा. जे जमत नाही ते तो गुपचूप रिकामं करून टाकतो. वापरलाच, तर लगेच पुढच्या ओळीत किती जागा रिकाम्या झाल्या ते मोजून घ्या.

एक्सेलचा कारभार आणखी गमतीचा. त्याचं जगच १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही, नुसता मजकूर वाटतो. म्हणून डावीकडे. साने गुरुजी आठ दिवस उशिरा जन्मले असते तर उजवीकडे बसले असते. खरा धोका उजवीकडच्यांना आहे. कर्व्यांचा मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२. कोणी ०९/११/१९६२ लिहिलं आणि संगणक अमेरिकी पद्धतीवर असला, तर ती ११ सप्टेंबर होते आणि कुठेही लाल मजकूर येत नाही. पांडाजलाही न सांगता दिलं तर तो महिना आधी धरतो. तेव्हा यादीतल्या १९०० नंतरच्या आणि बारा किंवा त्याखालचा दिवस असलेल्या सगळ्या तारखा एकदा पुस्तकाशी ताडून पाहा. चाळीस नावांत त्या मूठभरच निघतील.

देवनागरी आकड्यांची काळजी नको. पायथनचं ‘इंट’ देवनागरी आकडेही वाचतं, अवतरणात ‘१८५६’ दिलं की बरोबर तीच संख्या मिळते. फक्त सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) वाचताना पांडाज तो रकाना मजकूर समजेल, म्हणून वाचून झाल्यावर ‘मॅप’मध्ये ‘इंट’ देऊन बदला, आणि रिकाम्या जागा आधी बाजूला काढा. याच्या उलट, प्रोग्रामच्या ओळीत थेट देवनागरी आकडा लिहाल तर तो चालत नाही, तिथे इंग्रजीच. पण रकान्यांना, चलांना मराठी नावं बिनधास्त द्या. वय काढायची ही ओळ जशीच्या तशी चालते:

वय = मृत्यू_वर्ष - जन्म_वर्ष - ((मृत्यू_महिना, मृत्यू_दिवस) < (जन्म_महिना, जन्म_दिवस))

शेवटचा कंस कशाला? तर महामहोपाध्याय काणे ७ मे १८८० ला जन्मले, १८ एप्रिल १९७२ ला गेले. नुसती वजाबाकी ९२ देते, खरं वय ९१. वाढदिवस यायचा होता. कंसातली तुलना खरी ठरली की पायथन तिला १ मानतं आणि एक वर्ष कमी होतं. गोखल्यांचंही तसंच, वजाबाकी ४९, वय ४८. एकेका माणसासाठी ही ओळ अशीच चालेल. पूर्ण रकान्यावर चालवायची तर तिचं छोटं फंक्शन करून ‘अप्लाय’ने ओळीओळीवर फिरवा.

मालवणी मसाला

मेल्यांनो, तिका आधी ‘टळिक’ कित्याक दिसता ता सांगा, बाकीचा मागसून!

बाय, ता असा असा. ‘टि’ लिहिताना संगणकाच्या पोटात आधी ट असता, मागसून वेलांटी. ती वेलांटी उचलून टच्या आधी नेऊन बसवूचा काम येगळा, आणि तुझो मॅटप्लॉटलिब ता करीतच नाय. अक्षरा जशी इली तशी एकामागोमाग मांडता. म्हणान वेलांटी पुढल्या ळच्या डोक्यार पडता. केशवसुतांच्या नावात ऱ्हस्व वेलांटी नाय, जोडाक्षर नाय, म्हणान ते वाचले. ब्राउझर ह्या काम बरोबर करता. चित्र ब्राउझराक काढूक दी, मॅटप्लॉटलिबाक नको.

खाजणातला खेकडा

मसालेवाल्यांनी माझं काम केलं. त्याच धाग्यात पुढे: दोन वाटा आहेत. मॅटप्लॉटलिबच ठेवायचं तर चित्र पीएनजी (नुसत्या ठिपक्यांचं) न करता एसव्हीजी (रेघा-अक्षरं वेगळी साठवणारं) करा, आणि ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ ही सेटिंग ‘नन’ ठेवा. मग अक्षरं रेघांमध्ये न बदलता अक्षरंच राहतात, फाइल ब्राउझरमध्ये उघडली की वेलांट्या जागेवर. दुसरी वाट, प्लॉटली (पायथनचंच चित्रं काढायचं दुसरं साधन) घ्या. ते ब्राउझरमध्येच रंगतं. मात्र त्यातल्या ‘टाइमलाइन’च्या मोहात पडू नका, ते पुन्हा तारखा मागतं आणि कान्होजी पुन्हा बुडतात. साधा ‘बार’ घ्या, आडवा. ‘बेस’ला जन्मवर्ष, ‘एक्स’ला वय. पट्टी जन्मापासून सुरू होते आणि वयाइतकी लांब होते. मॅटप्लॉटलिबमध्ये हेच ‘बारएच’ला ‘लेफ्ट’ देऊन होतं.

क्रम जन्मसालाप्रमाणे लावा. वयाप्रमाणे लावला तर स्पर्धेचा निकाल वाटतो. आणि रंगांची सूची कोपऱ्यात न ठेवता नाव पट्टीवरच लिहा. पडवीत गर्दीत उभा माणूस कोपऱ्यात जाऊन सूची बघून परत येत नाही.

केशवसुतांचं. तक्ता किती रुंद? सहा फूट धरू. १६५० ते आजपर्यंत पावणेचारशे वर्षं, म्हणजे एका वर्षाला पाचेक मिलिमीटर. मार्च आणि ऑक्टोबर यांतला फरक तीन मिलिमीटरसुद्धा नाही. दोन हातांवरून कोणाला दिसणार नाही, तेव्हा १८६६ लावा आणि मोकळ्या व्हा. जांभेकरांची दोन वर्षं म्हणजे सेंटिमीटरभर, ती दिसतात. तिथे १८१२ पासून पुढे गडद पट्टी काढा आणि १८१० ते १८१२ तीच पट्टी फिकी, ‘अल्फा’ (रंगाचा दाटपणा) ०.३ वगैरे. कान्होजींच्या डाव्या टोकालाही तसंच. तुमच्या प्रीस्टलीनेही जिथे खात्री नाही तिथे सलग रेघ न ओढता टिंबं दिली होती. यासाठी यादीत ‘खात्री’ नावाचा एक रकाना वाढवा: दिवस, वर्ष की सुमारे. हा रकाना पुढे फार उपयोगी पडतो.

निवृत्त मास्तर

‘खात्री’चा रकाना हवाच, आणि त्यात एक चौथा प्रकार घाला: ‘शाळेत लावलेली’.

आम्ही खेडकडे शाळा चालवायचो तेव्हा आई पोराला हाताला धरून घेऊन यायची. तारीख विचारली की “भात लावत होते नि कळा आल्या”, “मोठा पाऊस झाला त्या साली”. आता याची तारीख काय लिहिणार? जूनमध्ये शाळा सुरू, वय सहा भरलेलं पाहिजे, लिहा १ जून. माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो तो असा. तुम्ही सभासदांच्या नोंदवहीवरून महिन्यावार जन्मांचे खांब काढून बघा, जूनचा खांब छताला टेकेल. ते पाहून कोणी म्हणायचा, कोकणात मुलं पाऊस बघून जन्मतात.

विकिडेटावरून (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा) माहिती ओढणार असाल तर तिथेही हाच प्रकार, फक्त १ जूनच्या जागी १ जानेवारी. ज्याचं नुसतं वर्ष माहीत आहे त्याची तारीख वरवर पाहता १ जानेवारी दिसते. तिच्या शेजारी अचूकतेचा एक आकडा असतो: ९ म्हणजे वर्षापुरतीच खात्री, १० म्हणजे महिना, ११ म्हणजे दिवस. तो आकडा सोबत घेतलात तर फसगत नाही. नातवाने शिकवलं मला हे, त्याला वाटलं म्हाताऱ्याला काय कळणार.

शिवाय घरोघरच्या वंशावळींत आणि जुन्या वह्यांत सन नसतो, शक असतो. शके १७७८ च्या आषाढात टिळक जन्मले, त्यात ७८ मिळवा, १८५६. पण हे चैत्रापासून कार्तिकापर्यंत निर्धोक. माघ-फाल्गुनातला जन्म असेल तर इंग्रजी साल उलटलेलं असतं, तिथे ७९ मिळवायचे. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष मधोमध पडतात, ते पंचांग बघूनच. प्रोग्रामला हे सांगितलं नाहीत तर माघातली सगळी माणसं एक वर्षाने मोठी होतील.

देवरुखची

सरासरीचं मी घेते, कारण आमच्याकडेही एका कार्यक्रमात असाच फलक लागला होता आणि मी जाहीर वाद घातला होता.

ताई, वर धाग्यात आलेल्यांपैकी काहींत आणखी तिघं घालून मी हिशेब केला. धोंडो केशव कर्वे १०४, काणे ९१, परांजपे ९०, मालवणचे भांडारकर ८८, र. धों. कर्वे ७१, टिळक ६४, साने गुरुजी ५०, गोखले ४८, केशवसुत ३९, वणंदच्या रमाबाई आंबेडकर ३७, जांभेकर ३४. सरासरी ६५. एकटे धोंडो केशव काढले की ६१. एका माणसाच्या जाण्याने जी सरासरी चार वर्षांनी खाली येते, तिच्यावर हवापाण्याचा दाखला कसा द्यायचा?

त्याहून मोठी गोम यादी कशी बनली त्यात आहे. यादीत येण्यासाठी आधी काहीतरी करून दाखवावं लागतं, आणि करून दाखवायला निदान तिशीपर्यंत जगावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं. ते इतकं खाली यायचं मुख्य कारण बाळपणीच गेलेली मुलं. त्यातलं एकही मूल तुमच्या यादीत नाही, असूच शकत नाही. मग ‘थोर लोक दीर्घायुषी’ म्हणायला उरलं काय? थोडं पुढे जाऊन सांगते, ज्या कामाला वर्षं लागतात ते काम करणारे यादीत आपोआप म्हातारे निघतात. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० चा आणि पाचवा १९६२ चा. कविता लिहायला इतकं थांबावं लागत नाही. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगात गेले, चाळिशीही गाठली नाही, आणि तरी यादीत आहेत.

अध्यक्षांना सांगा, सरासरी नको, प्लेगचा पट्टा काढू. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, तिथून दहा-पंधरा वर्षांची एक उभी फिकट पट्टी. कोणाची आयुष्यं तिच्यात संपली, कोणाची तिच्यातून आरपार गेली, ते दिसेल.

आणि एक मागणं. यादीत बाया कर्वे घाला. देवरुखच्या आहेत म्हणून नव्हे (म्हणूनही). मात्र त्या घालताना बघा, माहेरी गोदूबाई जोशी, पहिल्या लग्नाच्या नातू, १८९३ ला पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे, आणि लोकांच्या तोंडी बाया. चार कागदांवर चार नावं मिळतील आणि तुमचा प्रोग्राम चार बायका मोजेल. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या, नावं वेगळ्या रकान्यात ठेवा. पुरुषांचंही तेच, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यादीत दोनदा नाहीत ना, ते पाहून घ्या.

वाचनालयवाली

आहेत! दोनदा आहेत. एक ‘कवी’खाली, एक ‘कादंबरीकार’खाली. देवरुखच्या ताई, तुमच्या पाया पडते.

कान्होजी आले. तीन-तीन रकान्यांचा उपाय लगेच लागू पडला. फिक्या टोकाची पट्टी काढली, आणि खरं सांगते, ती फिकी टोकंच मला सगळ्यात आवडली. प्लॉटलीत ‘टिळक’ टिळकांसारखे दिसले तेव्हा मी वाचनालयात एकटी मोठ्याने हसले. मसालेवाले, तुमका मासे पोचते करीन.

अध्यक्षांपाशी सरासरीचा विषय काढला. “पासष्ट-एकसष्ट काय ते नको, १०४ लिहा” म्हणाले. कर्व्यांच्या पट्टीवर १०४ लिहिलं आहे, ते खूश आहेत.

पण आता नवीनच वाद निघालाय आणि त्यात मला तुमची मदत पाहिजे. ‘कोकणचा’ म्हणजे कोण? बाबासाहेब महूला जन्मले, मूळ गाव आंबडवे, आपल्या मंडणगड तालुक्यातलं. ते हवेतच, यावर वाद नाही. मग एकाने विचारलं, सावरकर नाशिककडचे, पण १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, त्यांचं काय? दुसरा म्हणाला, मग थिबा राजाचं काय? ब्रह्मदेशचा राजा, १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ ला तिथेच मेला. तीस वर्षं! इतकी वर्षं सलग तर टिळकही कोकणात राहिले नाहीत. दहाव्या वर्षी, १८६६ साली, पुण्याला गेले ते गेले.

मग रात्री मला सुचलं ते असं. यादीत कोण बसतं यावर भांडायचंच नाही. सगळ्यांना घ्यायचं. आयुष्याची रेघ बारीक काढायची आणि त्यातली जेवढी वर्षं तो माणूस कोकणात राहिला तेवढाच भाग जाड करायचा. कागदावर पेन्सिलीने काढून पाहिलं. कान्होजी जवळजवळ अखंड जाड. पुढचे बहुतेक सगळे सुरुवातीला जाड, मग बारीक होत मुंबई-पुण्याला गेलेले. उलटा फक्त थिबा, सुरुवात बारीक आणि शेवट जाड. पडवीत उभ्या राहणाऱ्या मुंबईकरांना हा तक्ता कळायला मी शेजारी उभं राहायची गरज नाही, त्यांच्या प्रत्येकाची रेघ तशीच आहे.

हे पायथनमध्ये कसं करायचं? एका माणसाच्या ओळीत ‘कोकणात आला’, ‘गेला’, ‘परत आला’, ‘परत गेला’ असे रकाने वाढवत बसले तर टेबल फाटेल.

निवृत्त मास्तर

मुंबई कोकणात धरणार की नाही? सरकारी कोकण विभागात मुंबई शहर, उपनगर, ठाणे सगळं येतं. धरलीत तर सगळ्याच रेघा जाड.

वाचनालयवाली

मास्तर, नाही धरणार. कशेडी घाट ओलांडून मुंबईकडे गेला की रेघ बारीक. अलिबागकरांसाठी वेगळा नियम करू.

खाजणातला खेकडा

कल्पना झकास आहे. रकाने वाढवू नका, दुसरी फाइल करा. पहिली फाइल माणसांची, एका माणसाला एक ओळ: क्रमांक, दाखवायचं नाव, जन्म, मृत्यू, खात्री. दुसरी मुक्कामांची, एका मुक्कामाला एक ओळ: क्रमांक, कुठे, कधीपासून, कधीपर्यंत. टिळकांची त्यात एकच ओळ, रत्नागिरी, १८५६ ते १८६६. थिबाचीही एकच. ज्यांचं जाणं-येणं झालं त्यांच्या दोन-तीन. चित्र काढताना आधी पहिल्या फाइलवरून ०.१५ जाडीच्या पट्ट्या, मग त्याच चित्रावर दुसऱ्या फाइलवरून ०.६ जाडीच्या. उभी जागा क्रमांकावरून ठरते, म्हणून दोन्ही बरोबर एकमेकांवर बसतात. प्लॉटलीत ‘गो’मधले दोन ‘बार’ आणि ‘बारमोड’ला ‘ओव्हरले’. हे सांगितलं नाही तर पट्ट्या एकाखाली एक जातात.

हयात लेखक यादीत असतील तर मृत्यू_वर्ष रिकामं ठेवा आणि चित्रापुरतं चालू साल धरा, पण उजव्या टोकाला बाण काढा. टोक सरळ कापलेलं दिसलं तर घरचे लोक भांडायला येतील.

छापायचं कुठे?

वाचनालयवाली

तालुक्याला फ्लेक्सवाला आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, “मजकूर पाठवा, आम्ही आमच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून घेतो.” नको म्हटलं. मागे एका फलकावर ‘ग्रंथालय’चं ‘ग्रथांलय’ झालं होतं.

खाजणातला खेकडा

बरोबर केलंत. त्यांच्याकडे बहुतेक जुने फॉन्ट असतात, युनिकोड उघडला की पुन्हा ‘टळिक’. एसव्हीजी देऊच नका, पीडीएफसुद्धा नको. नुसतं चित्र द्या, ज्यात त्याला हात घालायला अक्षर उरत नाही. सहा बाय चार फूट, इंचाला शंभर ठिपके धरले तर ७२०० बाय ४८०० चा पीएनजी. प्लॉटलीत रुंदी १८००, उंची १२००, ‘स्केल’ ४ ठेवलंत की नेमका तेवढा निघतो. अक्षराचा आकार आधी एका पट्टीपुरता ए-फोरवर छापून भिंतीला लावून बघा, चार पावलांवरून वाचता आलं पाहिजे. आणि फ्लेक्सवाल्याला सांगा, चित्र ताणू नको. तो बॅनरच्या मापात बसवायला ताणतो आणि मग कर्वे १२० वर्षांचे होतात.